देश, काळ आणि जाहिरातीचा दर

सातपुड्याच्या पायथ्याचा संग्रामपूर तालुका कपाशीचा. बियाण्याची जाहिरात इथे मृगाआधी दिसली तर उपयोग. पेरणी उरकल्यावर तीच जाहिरात म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

हे गणित कौटिल्याने स्वारीसाठी मांडले. शक्ती, देश आणि काळ तोलूनच राजाने निघावे, असे ‘अर्थशास्त्र’ सांगते. जमिनीवर कुत्रा मगरीला ओढतो, पाण्यात मगर कुत्र्याला. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी हा ग्रंथ १९०९ मध्ये छापला.

त्याच दशकात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन झगडत होते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. केवळ दुसऱ्याच्या पत्रातल्या जागेवर विसंबून न राहता कारखान्याने स्वतःचे मैदान उभे केले.

बळ राखण्याचा धडा संग्रामपूरच्या शेजारीच, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला मिळतो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मराठी तोफांपुढे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या काही पलटणी पळाल्या. त्याने त्या सावरून पुन्हा फळीत उभ्या केल्या आणि लढाई जिंकली.

थेट विक्रीवालेही असेच बळ राखतात, सारा पैसा एकदम लावत नाहीत. अमेरिकन जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ च्या पुस्तकात खुणेच्या कुपनांचा मार्ग मांडला: प्रत्येक वृत्तपत्राच्या कुपनावर वेगळी खूण, म्हणजे मागणी कुठून आली ते कळते. उरलेला पैसा मग जास्त मागणी आणणाऱ्या पत्राकडे वळतो.