औंधच्या टेकडीवरची भिंत

औंध म्हटलं की यमाईची टेकडी डोळ्यांपुढं येते. याच टेकडीवर १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं राहिलं. ते उभारणारे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. संस्थान लहान, गावं विखुरलेली, मुलूख बराचसा दुष्काळी. पण राजा स्वतः हाडाचा चित्रकार. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या चित्रांचं रामायण प्रसिद्ध केलं. पुढं महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले.

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचं कोठार, अशी आपली समजूत असते. औंधला तिला धक्का बसतो. तिथं कांगड्याची लघुचित्रं आहेत, राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत. पण त्यांच्याच शेजारी धुरंधर आणि बाबूराव पेंटरही आहेत. १९३८ साली हे दोघंही हयात होते! हेन्री मूर यांचं ‘माता आणि मूल’ हे शिल्पही याच टेकडीवर आहे. संग्रहालय उघडलं तेव्हा मूर चाळिशीचे होते. व्हेनिसचं मोठं पारितोषिक त्यांना मिळालं ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९४८ मध्ये.

नव्या चित्रकाराला कौतुकाइतकीच गरज असते ती भिंतीची. नामवंतांच्या रांगेत काम लागलं, की चार माणसं थांबून पाहतात. पंडित सातवळेकर औंधात राहायला आले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर याच वातावरणात वाढले, युरोपात शिकले आणि पुढं महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. घरी चित्रकार वडील होतेच. पण ज्या गावाचा राजाच कुंचला धरतो, तिथं चित्रकार होणं हे वाया जाणं ठरत नाही. लहान गावातल्या मुलाला हा आधार फार मोठा असतो.

कोणी म्हणेल, राजाला ते परवडत होतं. मला वाटतं, प्रश्न पैशाइतकाच दृष्टीचाही आहे. मुंबईत १९५२ मध्ये वस्तुसंग्रहालयाच्या आवारालगत जहांगीर कलादालन झालं आणि कितीतरी तरुणांना पहिलं प्रदर्शन लाभलं. पण सातारा-सांगलीच्या मुलानं त्यासाठी दर वेळी मुंबईच का गाठावी?

औंधचा संग्रह आज राज्य सरकारच्या देखरेखीखाली आहे. तिथली एक भिंत आजच्या चित्रकारांसाठी राखावी, दर मोसमाला चित्रं बदलावीत आणि त्यांतलं एखादं विकत घेऊन संग्रहात ठेवावं. रविवर्म्यांची चित्रं जपायलाच हवीत. पण त्यांच्या शेजारची जागा रिकामी ठेवणं हेही संग्रहालयाचंच काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)