शरणपूरच्या आफ्रिकनांची चाळिशी

महाराष्ट्रातले आफ्रिकन म्हटलं की मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी, इथंच आपली यादी संपते. त्यांनी सत्ता गाजवली म्हणून ते लक्षात राहिले. नाशिकच्या शरणपुरात वाढलेल्या आफ्रिकन मुलांनी सुतारकाम केलं, लोहारकाम केलं, बागा राखल्या आणि एका गोऱ्या माणसाचं प्रेत हजारभर मैल वाहून नेलं. जगाला त्यातलं शेवटचं तेवढं ठाऊक आहे. मी नाशकात शाळेत इतिहास शिकवते. वर्गात मीही बरीच वर्षं तेवढंच सांगत आले, कारण पोरांना ते आवडतं. पण स्वतःची पन्नाशी आली तसा मला दुसराच प्रश्न पडू लागला: ही माणसं चाळिशी-पन्नाशीची झाली तेव्हा त्यांचं काय झालं?

आधी ती इथं आली कशी ते सांगते. 1832 पासून चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाशकात होते. बाटलेल्या माणसाला घर, पाणवठा, काम सगळंच तुटायचं, म्हणून 1854 मध्ये शहराबाहेर शरणपूर ही वसाहत उभी राहिली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे कर्तेधर्ते. इंग्रजी आरमार तेव्हा अरबी समुद्रात गुलाम वाहणारी गलबतं पकडायचं आणि सुटलेली मुलं मुंबई बंदरात उतरवायचं. त्यांतली बरीच 1860 नंतर शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. सुरुवातीला त्यांची व्यवस्था चार्ल्स आयझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्याकडे होती. ते पूर्वी इथिओपियात राहिलेले. मुलांना नवी नावं मिळाली. फरार, आयझेनबर्ग, प्राइस अशी मिशनऱ्यांची आडनावंही काहींना चिकटली. पूर्व आफ्रिकेतल्या यावो लोकांतला चेंग्विम्बे इथं मॅथ्यू वेलिंग्टन झाला.

1865 मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन शरणपुरात आले आणि आफ्रिकेच्या मोहिमेसाठी इथली नऊ मुलं घेऊन गेले. त्यांतल्या अब्राहमची हकीकत लिव्हिंगस्टन यांच्या रोजनिशीत आहे. मला ती त्यांच्याच प्रेताच्या प्रवासापेक्षा मोठी वाटते. 1866 च्या जुलैत, मताका या सरदाराच्या गावी, अब्राहमला त्याचा मामा भेटला. मामाला आधी आनंद झाला. मग त्यानं सांगितलं की तू धरला गेलास त्यानंतर तुझी आई आणि दोन्ही बहिणी अरबांना विकल्या गेल्या. मामानं राहण्याचा आग्रह केला, सरदारानं केला, खुद्द लिव्हिंगस्टन यांनीही केला. बरेच महिने निभावेल इतकं सामानही ते द्यायला तयार होते. अब्राहम ऐकेना. जिथं आई नाही, बहीण नाही, तिथं मी कसा राहू, हेच त्याचं उत्तर. आणि तो पुन्हा तांड्याबरोबर चालू लागला. घरी परतणं म्हणजे काय असतं, यावर याहून कडू नोंद मी वाचलेली नाही.

जेकब वेनराइटची गोष्ट पाठ्यपुस्तकी थाटाची आहे, म्हणून उरकते. पत्रकार स्टॅन्ली यांनी 1872 मध्ये लिव्हिंगस्टन यांच्याकडे पाठवलेल्या मदतीच्या तुकडीत तो होता, वेलिंग्टनही होता. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारले. सोबत्यांनी त्यांचं काळीज तिथं झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबनं वाचली, झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. देह मीठ लावून उन्हात सुकवला, सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला आणि समुद्रापर्यंत वाहून आणला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा जेकब होता. त्यानंतर त्याचं बस्तान कुठंच बसलं नाही. फ्रिअरटाउन, युगांडा, अशी वणवण करत तो 1892 मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

फ्रिअरटाउन हे या कथेतलं महत्त्वाचं ठिकाण. झांजिबारचा गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला. आता मुलांना मुंबईला आणायचं कशाला, म्हणून सोसायटीनं मोम्बासाजवळ मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावानं वसाहत काढली. तिची उभारणी करायला प्राइस गेले आणि आपल्याकडचे सुमारे दीडशे आफ्रिकन तिकडे पोहोचले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रजी आणि हिंदुस्थानी बोलणारे, हातात कसब असलेले, कोट-पाटलोण घालणारे हे लोक स्थानिकांच्या दृष्टीनं परके, तर गोऱ्या मिशनऱ्यांच्या दृष्टीनं डोक्यावर चढलेले. पगार आणि मान यांवरून खटके उडाले. मिशनऱ्यांच्या पत्रांतून त्यांच्या गर्वाच्या तक्रारी येतात. घरदार, भाषा, नाव एकदा बालपणी आणि पुन्हा ऐन उमेदीत बदलावं लागलेल्या माणसाच्या मनावर काय ओझं असेल, याचा विचार त्या पत्रलेखकांनी केला नाही. मार्टिनिकचे मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन यांनी गोऱ्यांच्या भाषेत वाढलेल्या काळ्या माणसाच्या मनाचं दुखणं 1952 मध्ये पुस्तकात मांडलं. शरणपूरच्या माणसांचं ते कित्येक वर्षं आधी भोगून झालं होतं.

शरणपूरच्याच विल्यम जोन्स यांचं बघा. जन्म सुमारे 1840 चा, बालपणीच गुलाम. 1864 मध्ये शरणपूरचेच जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेम्लर यांच्यासारखेच तेही मोम्बासाजवळच्या रबाईला धर्मकार्याला गेले. 1885 च्या मेमध्ये, पंचेचाळिशीच्या घरात, त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. दोनच महिन्यांत ते बिशप हॅनिंग्टन यांच्यासोबत युगांडाच्या वाटेवर निघाले. वाटेत बिशप थोडी माणसं घेऊन पुढं गेले आणि ऑक्टोबरात मारले गेले. मागं राहिलेल्या तांड्याची जबाबदारी जोन्स यांच्यावर. बातमी खरी की खोटी कळेना तोवर ते थांबले, मग हमालांना घेऊन परत फिरले. 1886 च्या फेब्रुवारीत तांडा रबाईला पोहोचला तेव्हा पुढं निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’: वैभव गेलं, या अर्थाचा बायबलमधला शब्द.

एवढा आघात झालेला माणूस खचला असता तरी कुणी दोष दिला नसता. जोन्स रबाईतच काम करत राहिले. मालकांना चुकवून पळालेले गुलाम तिथं आसऱ्याला यायचे आणि जोन्स त्यांना ठेवून घ्यायचे. मालकांनी मिशनविरुद्ध ओरड केली. अखेर पूर्व आफ्रिकेतल्या इंग्रज कंपनीनं भरपाई मोजली आणि 1889 च्या पहिल्या दिवशी रबाईत 1,400 हून अधिक लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले. बालपणी स्वतः विकला गेलेला माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे पाहत होता. जेकबनं कोरलेल्या अक्षरांपेक्षा नाशकानं याचा अभिमान धरायला हवा, असं माझं मत आहे.

वेलिंग्टन सगळ्यांत जास्त जगले. 1935 मध्ये मोम्बासात वारले. मिशनचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. नाशिकच्या कुणा तरुण अभ्यासकानं ते वाचावेत, तक्रार कोण करतंय हे ध्यानात ठेवून वाचावेत, आणि सुरुवात लिव्हिंगस्टनपासून न करता जोन्सपासून करावी.