ओ, बी, ए, एफ, जी, के, एम: ताऱ्यांची अक्षरं उलटसुलट का?

मागच्या व्याख्यानात आपण ताऱ्यांची अंतरं कशी मोजतात ते पाहिलं. आज त्यांच्या प्रकारांकडे वळू. खगोलशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ताऱ्यांचे वर्ग असे दिलेले असतात: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. व्याध ‘ए’ वर्गातला, आपला सूर्य ‘जी’, रोहिणी ‘के’, ज्येष्ठा ‘एम’. आता कुणालाही प्रश्न पडेल की ही कसली मुळाक्षरं? ‘ओ’ आधी आणि ‘ए’ तिसरा? या विस्कटलेल्या क्रमातच आजचा सगळा इतिहास दडलेला आहे.

ऑग्यूस्त कोम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली लिहून ठेवलं की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. तिथे जाऊन नमुना थोडाच आणता येतो! कोम्त १८५७ साली वारला आणि १८५९ साली किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हायडेलबर्गमध्ये दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात ठरावीक रेषा असतात. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ सालीच नोंदवल्या होत्या. त्या वाचायच्या कशा, हे आता कळलं.

पुढचा टप्पा अमेरिकेत, हार्वर्डच्या वेधशाळेत. दुर्बिणीच्या भिंगापुढे लोलक बसवला की एकाच काचेवर कितीतरी ताऱ्यांचे वर्णपट एकदम उमटतात. अशा काचांचे ढीग साठले. हेन्री ड्रेपर या हौशी खगोलनिरीक्षकाच्या पत्नीने पतीच्या स्मरणार्थ पैसा दिला आणि संचालक पिकरिंग यांनी काचा तपासायला स्त्रिया नेमल्या. मजुरी तासाला साधारण २५ सेंट. त्यांना ‘कम्प्युटर’ म्हणत. हा शब्द तेव्हा यंत्राचा नव्हता बरं का, माणसाचा होता.

त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग मूळच्या स्कॉटलंडच्या, आधी पिकरिंग यांच्याच घरी मोलकरीण होत्या. त्यांनी दहा हजारांहून जास्त ताऱ्यांना अक्षरं दिली. ती यादी १८९० साली छापली गेली. तत्त्व साधं होतं: हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक तो ‘ए’, त्याहून फिकट तो ‘बी’, असं करत ‘क्यू’पर्यंत.

मग ॲनी जंप कॅनन आल्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं, पण नजर विलक्षण. त्यांच्या लक्षात आलं की फक्त हायड्रोजनकडे बघितलं तर बाकीच्या रेषा उड्या मारतात. सगळ्याच रेषा हळूहळू बदलत जाव्यात अशी ओळ लावायची, तर ‘ओ’ आणि ‘बी’ हे ‘ए’च्या आधी घ्यावे लागतात आणि बरीच अक्षरं गाळावी लागतात. पण आधीच्या याद्या छापून झालेल्या, म्हणून अक्षरं जुनीच ठेवली, फक्त जागा बदलल्या. हे १९०१ साल. पुढे १९१८ ते १९२४ या काळात निघालेल्या सूचीत २,२५,३०० तारे आले आणि त्यांचे वर्ग कॅननबाईंनी स्वतः ठरवले.

ओळ तर लागली. पण ती कशाची ओळ? याचं गणिती उत्तर कोलकात्यातून आलं. ढाक्याजवळच्या खेड्यात, एका छोट्या दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या मेघनाद साहा यांनी १९२० साली आपलं आयनीभवनाचं समीकरण मांडलं. किती तापमानाला आणि किती दाबाला अणूंमधले किती इलेक्ट्रॉन सुटतात, याचा तो हिशेब. हायड्रोजनच्या या रेषा उमटायला त्याचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. सूर्याच्या साडेपाच हजार अंशांना असे अणू फार थोडे. दहा हजारांच्या आसपास भरपूर, म्हणून व्याध ‘ए’. त्याहून खूप जास्त तापलं की इलेक्ट्रॉन निघूनच जातो, मग रेषा उमटवणार कोण? म्हणजे ती ओळ तापमानाची होती! ‘ओ’ सर्वांत तप्त, ‘एम’ सर्वांत थंड.

इथे एक मोठी गोष्ट ध्यानात घ्या. रेषा ठळक म्हणजे द्रव्य जास्त, असं नाही. वर्गात दंगा करणाऱ्या पोरांवरून पटसंख्या ठरत नाही, तसंच हे. सेसिलिया पेन या इंग्लंडहून हार्वर्डला आलेल्या तरुणीने साहांचं समीकरण त्याच काचांना लावलं. १९२५ सालच्या तिच्या प्रबंधात निष्कर्ष निघाला की ताऱ्यांत हायड्रोजन इतर सगळ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. त्या वेळी समज होता की तारे साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचे असतात. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल हे मोठं नाव. त्यांनी कळवलं की हे अशक्य आहे. नवख्या विद्यार्थिनीने काय करावं? हायड्रोजनचा हा आकडा बहुधा खरा नसावा, असं तिने स्वतःच प्रबंधात लिहिलं. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल स्वतः दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले. तिच्या कामाचा उल्लेख त्यांनी केला खरा, पण बराच काळ श्रेय मात्र त्यांच्याच नावावर राहिलं. पेन यांना हार्वर्डमध्ये प्राध्यापकपद मिळालं ते १९५६ साली.

म्हणून ही अक्षरं कुणी सरळ लावली नाहीत हे बरंच झालं. फ्लेमिंग यांची अक्षरं, कॅनन यांचा क्रम, साहांचा अर्थ आणि पेन यांचं उत्तर, चौघांचंही काम त्या सात अक्षरांत शाबूत आहे. सूर्य ‘जी’ वर्गातला हे तापमान झालं. तारा आकाराने राक्षसी की बुटका, हे त्यावरून कसं ओळखायचं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.