दोन घराणी आणि एक प्रश्न : वारस कोण?



गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, हप्ते भरून झाले, की एक विषय हमखास निघतो. कुणाचा नवरा वारलेला असतो, पोटी मुलगा नसतो आणि भावकीत कुजबुज सुरू होते, आता जमीन कुणाची? घर कुणाचं? बाईला मात्र कुणी विचारत नाही. आज आपण याच प्रश्नाची एक जुनी आणि खरी गोष्ट बोलणार आहोत. गोष्ट राजवाड्यातली आहे, पण ऐकताना आपल्याच गावातली वाटेल.

आपला भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. वैनगंगेचं खोरं, पवनी, तुमसरजवळचा आंबागड किल्ला, सगळा त्यांचाच अंमल. या घराण्यात एक राणी होती, बाकाबाई. दुसऱ्या रघुजींची ही राणी. १८१६ मध्ये रघुजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी गादीवर आला, पण वर्षभरातच त्याचा खून झाला. मग चुलतभाऊ आप्पासाहेब राजा झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. तीत तो हरला आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला गादीवरून काढलं.

दीड-दोन वर्षांत एका घरात एवढी उलथापालथ झाली. घर सावरायला उरल्या त्या बाया. रघुजींच्या मुलीचा मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याला दत्तक देऊन गादीवर बसवलं. तोच तिसरा रघुजी. पोराला वाढवणं, वाड्याचा कारभार बघणं हे बाकाबाईकडे आलं. राज्याचा कारभार मात्र इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स बघू लागला. म्हणजे चूल बाईच्या हाती आणि तिजोरी साहेबाच्या हाती.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू या. १८१८ मध्ये दत्तक चालला, मुलीच्या पोटचा मुलगाही चालला, कारण तेव्हा इंग्रजांना ते सोयीचं होतं.

पुढे पस्तीस वर्षं गेली. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. त्यांच्या मागे मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. वाड्यात म्हाताऱ्या बाकाबाई होत्या, रघुजींच्या विधवा राण्या होत्या. थोरल्या राणीचं नाव अन्नपूर्णाबाई. नात्यातला यशवंतराव हा मुलगा दत्तक घ्यावा, असं घरातल्या बायांनी ठरवलं. आपल्या महाराष्ट्राच्या रिवाजात विधवेला नवऱ्यामागे दत्तक घेता येत होता. त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने यात काही वावगं नव्हतं.

पण निर्णय वाड्यात झाला नाही. तो कलकत्त्यात झाला. तिथे गव्हर्नर जनरल होते लॉर्ड डलहौसी. त्यांनी जानेवारी १८५४ मध्ये लिहून ठेवलं की राजाला वारस नाही, म्हणून राज्य सरकारजमा. सुमारे ८० हजार चौरस मैलांचं राज्य एका कागदावर गेलं. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि या भागात कापूस पिकत होता, हेही त्या कागदात आहे. याच धोरणाने १८४८ मध्ये सातारा गेला होता आणि याच १८५४ साली झाशी गेली. झाशीच्या राणीचं नाव आपल्याला ठाऊक असतं. नागपूरच्या राण्यांचं नसतं.

आता हे डलहौसी कोण, तेही बघू. तेही एका मोठ्या घराण्यातले. स्कॉटलंडमधलं हे जुनं सरदार घराणं. वडील हिंदुस्थानात इंग्रज फौजेचे सरसेनापती होऊन गेले होते. सासरे मद्रासचे गव्हर्नर होते. स्वतः डलहौसी विलायतेच्या पार्लमेंटात बसलेले, मंत्रीपद भोगलेले आणि पस्तिसाव्या वर्षी सगळ्या हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झालेले. म्हणजे हिंदुस्थानावर हुकूम चालवणं हा या घराचा पिढीजात व्यवसायच होता म्हणा ना.

पण घरात काय होतं? त्यांना दोनच मुली, सुसान आणि एडिथ. मुलगा नव्हता. बायको लेडी सुसान आजारी पडून मायदेशी निघाली आणि मे १८५३ मध्ये जहाजावरच वारली. म्हणजे नागपूरच्या विधवांचा निकाल लिहिणारा माणूस त्या वेळी स्वतः आठ-नऊ महिन्यांचा विधुर होता. घरात माणूस गेल्याचं दुःख काय असतं, हे त्याला कळत होतं. तरी राण्यांचा विचार झाला नाही.

त्यानंतर वाड्यात जे झालं ते आणखी वाईट. हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले आणि मातीमोल भावाने विकले. सामान बाहेर काढू लागले तेव्हा बाकाबाईंनी बजावलं की वाड्याला आग लावून देईन. तरी सामान गेलंच. भोसल्यांचे दागिने विकायला कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. त्या पैशांचा सरकारने 'भोसला फंड' केला आणि त्यातून घरच्यांना द्यायचं ठरवलं. आपलेच दागिने विकायचे आणि आपल्यालाच त्यातून पोटगी द्यायची, असा तो न्याय. ज्या बाईचं मंगळसूत्र किंवा पाटल्या न विचारता गहाण पडल्या आहेत, तिला हे समजावून सांगायला नको.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा बाकाबाई इंग्रजांच्या विरोधात गेल्या नाहीत. आपल्या माणसांनाही त्यांनी आवरून धरलं. आज कुणी त्यांना दोष देईल. पण सारं गेलेलं घर, पदरी इतकी माणसं आणि हातात फक्त पेन्शन, अशा म्हातारीने काय हिशेब केला असेल, तेही बघायला हवं. १८५८ मध्ये त्या वारल्या. नंतर सरकारने त्याच यशवंतरावाला, म्हणजे जानोजी भोसल्यांना, दत्तक म्हणून मान्यता दिली आणि देऊरचे राजे बहादूर हा किताब दिला. राज्य मात्र परत आलं नाही.

आणि डलहौसी? १८५६ मध्ये पायाच्या दुखण्याने कुबड्या घेऊन ते मायदेशी गेले आणि १८६० मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले. मुलगा नसल्यामुळे त्यांचा मार्क्विस हा मोठा किताब त्यांच्याबरोबरच संपला. पण घराण्याची जुनी पदवी संपली नाही. ती चुलतभावाकडे गेली. दोन मुलींपैकी कुणालाही ती मिळाली नाही.

ताईंनो, दोन्ही घरं एकाला एक लावून बघा. मुलगा इथेही नाही, तिथेही नाही. साहेबाच्या घरी पदवी सांभाळायला चुलतभाऊ चालला. भोसल्यांच्या घरी नात्यातला मुलगा चालला नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती. इथे राण्यांना कुणी विचारलं नाही आणि तिथे मुलींना कुणी मोजलं नाही.

आता तो काळ नाही. १९५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येतो. बाईच्या नावावर असलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची असते. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे वारस असतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. महाराष्ट्रात तो १९९४ पासून आला आणि २००५ मध्ये देशभर लागू झाला.

पण कायदा पुस्तकात असून भागत नाही, नाव कागदावर लागतं. भोसल्यांच्या राण्यांकडे रिवाज होता, पण त्यांच्या बाजूने लिहिलेला कागद नव्हता. म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. पुढच्या बैठकीला येताना घरचा सातबारा आणि घराचा नमुना आठ काढून आणा. आपलं नाव आहे का, ते आपणच वाचू. घरात कुणी वारलं असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद झाली का, त्या फेरफारात बायकोचं आणि मुलींचं नाव आहे का, ते विचारू. हक्कसोडीच्या कागदावर कुणी अंगठा मागितला, तर आधी गटात वाचून घेऊ, मगच ठरवू.

बाकाबाईंच्या मागे उभा राहायला गट नव्हता. आपल्या मागे आहे.