क्रँकशाफ्ट-बदल

क्रँकशाफ्ट-बदल : एकाच कुळातील दोन मोटार-इंजिनांपैकी लांब स्ट्रोकच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट आखूड स्ट्रोकच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवून सीसी आणि टॉर्क वाढवण्याची पद्धत. शर्यतीच्या आणि हौसेच्या गाड्यांची इंजिने बांधणारे ती वापरतात. पिस्टनचा स्ट्रोक क्रँकच्या भुजेच्या दुप्पट असतो. भुजा लांबली की पिस्टन अधिक खाली उतरतो आणि दर खेपेला जास्त हवा ओढतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवायचा तर सिलिंडरची भिंत कातावी लागते आणि ती किती पातळ करता येईल याला सीमा असते. क्रँक बदलताना भिंतीला हात लागत नाही, हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण.

सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ कुळातील ३५० घनइंची इंजिनाचा स्ट्रोक ३.४८ इंच, तर ४०० घनइंची इंजिनाचा ३.७५ इंच. मोठ्याचा क्रँक धाकट्यात बसवून ४ इंची बोअर ०.०३० इंचाने वाढवला की ३८३ घनइंच, म्हणजे सुमारे ६.३ लिटर होतात. मात्र ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल (ब्लॉकच्या बेअरिंगांत फिरणारे भाग) २.६५ इंची आणि ३५० च्या ब्लॉकला हवेत २.४५ इंची, ते आधी ग्राइंडरवर उतरवावे लागतात.

प्रत्येक कुळात ही सोय नसते. जुन्या बुलेटच्या ३५० आणि ५०० सीसी इंजिनांचा स्ट्रोक ९० मिलिमीटरच. फरक सगळा बोअरचा. अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या ब्रिटिश कुळातही १७९८ सीसीपर्यंत मजल गेली ती बोअर वाढवून, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटरवरून हलला नाही. अशा इंजिनांत भावंडाचा क्रँक घालून सीसी तसूभरही वाढत नाही.

भारतात एकच बोअर आणि वेगवेगळे स्ट्रोक असलेली इंजिने वाढली, त्यामागे करआकारणीचा मोठा वाटा आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत दिली. या रेषेखाली राहण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्ट्रोक आखूड करणे. होंडाच्या जॅझचे १.२ लिटर आणि सिटीचे १.५ लिटर इंजिन या दोहोंचा बोअर ७३ मिलिमीटर. स्ट्रोक मात्र अनुक्रमे ७१.६ आणि ८९.४. सुझुकीच्या के मालिकेतही तसेच : आधीच्या स्विफ्टच्या ११९७ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ७१.५, पहिल्या एर्टिगाच्या १३७३ सीसीचा ८२, आणि बोअर दोन्हींचा ७३. कागदावर तरी नुसता क्रँक बदलला की १७६ सीसी पदरात पडतात.

प्रत्यक्षात अडचण इथूनच सुरू होते. स्ट्रोक १०.५ मिलिमीटरने वाढला तर पिस्टन खाली ५.२५ जास्त उतरतो आणि वरही तितकाच जास्त चढतो. रॉड आणि पिस्टन जुनेच ठेवले तर तो ब्लॉकच्या माथ्याबाहेर डोकावून हेडवर आपटेल. म्हणून आखूड कनेक्टिंग रॉड किंवा पिन वर सरकवलेला पिस्टन घ्यावा लागतो. तेवढे जमवले तरी कॉम्प्रेशन बदलते. मूळ गुणोत्तर १०:१ होते असे धरले आणि ज्वलनकक्ष तेवढाच ठेवला, तर ते ११.३ च्या आसपास जाते आणि साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करू लागण्याची भीती असते. मिनिटाला ६००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.३ मीटरवरून १६.४ वर जातो; रॉडचे बोल्ट आणि बिगएंडचे शेल यांवरचा ताणही साधारण त्याच प्रमाणात वाढतो, कारण चढ्या फेऱ्यांना मोठे ठरते ते त्वरणाचे बल, आणि फेऱ्या तेवढ्याच असतील तर ते स्ट्रोकच्या प्रमाणात वाढते. याखेरीज मेन जर्नलचा व्यास, ऑइल सीलची जागा, फ्लायव्हीलच्या बोल्टांची मांडणी आणि सेन्सरच्या दातेरी चक्राचा कोन जुळावा लागतो. काउंटरवेट ब्लॉकच्या कडेला किंवा तळाच्या तेलपात्राला (संप) घासत नाहीत ना, हे क्रँक हाताने पूर्ण फिरवूनच कळते. जाणकार बांधणारा पहिल्या जुळणीत रिंगा घालत नाही. क्रँक हलका फिरतो, मग कुठे अडकले ते बोटांना लगेच समजते.

क्रँक कसा घडला आहे हेही पाहावे लागते. ओतीव क्रँकवर साच्याच्या सांध्याची रेघ बारीक असते. घडीव क्रँकवर त्याच जागी रुंद, घासलेला पट्टा दिसतो. शर्यतीसाठी घडीव बरा. घडीव क्रँकसाठी महाराष्ट्रात पुण्याच्या भारत फोर्जचे (स्थापना १९६१) नाव घेतले जाते. सोलापूरची ख्याती दुसऱ्या शाफ्टची आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तेथे देशी-परदेशी मोटार कंपन्यांसाठी कॅमशाफ्ट बनवते.  ‘चिल्ड’ बिडाचा कॅम ओतताना साच्यात लोबच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या, जागी धातूचे चिल बसवतात. वितळलेले बीड त्यांना भिडताच झटकन थंड होते, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही, तो लोहाच्या कार्बाइडमध्ये अडकतो. लोबची कातडी त्यामुळे कठीण होते; गाभा मात्र साधाच राहतो.

क्रँक बदलणाऱ्याला या शाफ्टचा विचार टाळता येत नाही. सिलिंडर मोठा झाला, पण कॅम आणि हेड जुनेच राहिले, तर खालच्या फेऱ्यांत टॉर्क भरपूर मिळतो, वर मात्र इंजिन लवकर दमते. व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडा ठेवणारा कॅम हवा. जुनाच चिल्ड कॅम पुन्हा ग्राइंड करायचा तर कठीण थराच्या जाडीपलीकडे जाता येत नाही. तो थर संपला की लोब भराभर झिजतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतरही नव्याने मोजावे लागते.

सार्वजनिक रस्त्यावर या बदलाला कायद्याची आडकाठी आहे. इंजिनाचे सीसी आरसीवर नोंदलेले असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. त्यामुळे क्रँक बदललेली गाडी ट्रॅकवरच चालवावी, आणि तिथेही सीसी वाढल्याने आपला शर्यतीचा वर्ग बदलतो का, हे आधी नियमपुस्तिकेत पाहून घ्यावे.