चुकीच्या नावाचं प्रोटीन

कोडमधल्या एखाद्या फंक्शनला पहिल्या दिवशी घाईत दिलेलं नाव दहा वर्षांनीही तसंच राहतं. फंक्शन आता भलतंच काहीतरी करत असतं, पण नाव बदलायला कोणी धजत नाही. आपल्या शरीरातही असंच एक प्रकरण आहे: ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ.

प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते छोट्या प्रोटीन्सच्या रूपात. त्यांना सायटोकाईन म्हणतात. टीएनएफ त्यातलंच एक. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड, एलिझाबेथ कार्सवेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बीसीजी, मग जिवाणूंचं विष टोचलं. त्या उंदरांच्या सीरमने दुसऱ्या उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी मेल्या. झालं, नाव पडलं! पण माणसांना हे प्रोटीन दिल्यावर ताप चढायचा, रक्तदाब कोसळायचा.

तिकडे रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी वेगळंच कोडं सोडवत होते: आजारी प्राणी खंगत का जातात? त्यांना सापडलेल्या प्रोटीनचं नाव त्यांनी 'कॅकेक्टिन' ठेवलं. गंमत म्हणजे १९८५ साली कळलं, दोन्ही एकच! मग सेप्सिसमध्ये टीएनएफ अडवून पाहिलं. उंदीर वाचले, माणसांवरच्या चाचण्या फसल्या.

दोन्हीकडे नापास झालेलं हे प्रोटीन लंडनमध्ये कामाला आलं. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी संधिवाताचा (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) अभ्यास करत होते. सुजलेल्या सांध्यात सायटोकाईनची नुसती गर्दी असते. लोक म्हणायचे, एकाला अडवून काय होणार, बाकीचे आहेतच की! पण १९८९ साली फिओनुला ब्रेनन आणि या दोघांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी वाढवून त्यात टीएनएफ अडवलं, तर इंटरल्यूकिन-१ सुद्धा खाली आलं. म्हणजे साखळीत टीएनएफ वरच्या टोकाला होतं.

१९९२ साली चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये टीएनएफला अडवणारी अँटिबॉडी रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. पहिल्या चाचणीत २० जण होते. काही आठवड्यांतच सूज आणि सकाळचा ताठरपणा उतरला. मात्र औषधाचा असर ओसरला की दुखणं परत यायचं. तरीही हेच औषध, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत १९९८ साली क्रोन्सच्या आजारासाठी आणि १९९९ साली संधिवातासाठी मंजूर झालं.

मग २००१ साली हे औषध घेणाऱ्यांमध्ये टीबीच्या ७० केसेस नोंदल्या गेल्या. टीबीचे जंतू वर्षानुवर्षं शरीरात गप्प पडून राहू शकतात, कारण पेशी त्यांच्याभोवती तट बांधतात. तो तट टिकवून धरायला टीएनएफ लागतं. ते अडवलं की तट ढासळतो.

आपल्याकडे असा झोपलेला टीबी कितीतरी जणांच्या अंगात आहे. २०१४ साली झायडसने याच जातीच्या अडॅलिमुमॅबची स्वस्त आवृत्ती भारतात आणली. तेव्हा घरात कोणाला असं इंजेक्शन सुचवलं, तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: टीबीची तपासणी झाली का?