गिडियन गावचे पाणी

भारतातून पहिल्यांदा आलेले आई-वडील पहिले दोन दिवस पिण्याचे पाणी उकळतात. मग आपणच त्यांना सांगतो, "अहो, इथे लागत नाही, सरळ नळाचे प्या." बहुतेक वेळा हे बरोबरच असते. पण ते बरोबर का असते, आणि कुठे चुकीचे ठरले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आपल्यातली बरीच मंडळी मोठ्या शहरांच्या उपनगरांत राहतात; पण ग्रामीण इस्पितळातले डॉक्टर, लहान कॉलेजगावातले प्राध्यापक, आडगावच्या कारखान्यातले इंजिनिअर अशीही पुष्कळ आहेत. अमेरिकेत सुमारे ५० हजार सार्वजनिक पाणीपुरवठा यंत्रणा घराघरांत वर्षभर पाणी पोचवतात. त्यांतल्या बहुसंख्य यंत्रणा ३,३०० किंवा त्याहून कमी लोकवस्तीसाठी आहेत. 'अमेरिकेतला नळ' म्हणजे न्यूयॉर्कचा किंवा शिकागोचा नळ नव्हे. अशाच एका छोट्या गावाची ही हकीकत.

पावडरीचा इतिहास

आधी थोडे मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शहरांत विषमज्वर ही नित्याची गोष्ट होती. २६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सीतल्या बूनटन जलाशयावर एक यंत्रणा सुरू झाली आणि जर्सी सिटीच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरिन पडू लागले. कल्पना डॉ. जॉन लील या वैद्याची, संयंत्राचा आराखडा जॉर्ज वॉरन फुलर या इंजिनिअरचा. एखाद्या अमेरिकन शहराच्या नळाच्या पाण्याला सातत्याने क्लोरिन देण्याची ही पहिली वेळ. आज ज्या जर्सी सिटीत आपण भाजी आणि मिठाई घ्यायला जातो, तेच हे गाव! वापरलेला पदार्थ होता 'क्लोराइड ऑफ लाइम', म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत 'टीसीएल' टाकतो, ते याच घराण्यातले. पिण्याच्या पाण्यात रसायन टाकायचे या कल्पनेने लोक बिचकले, प्रकरण न्यायालयासमोर होतेच, पण पद्धत टिकली आणि काही वर्षांत देशभर पसरली.

मात्र एक अपवाद राहून गेला. नदी-तलावाचे पाणी अशुद्ध असू शकते हे सर्वांना पटले. खोल विहिरीचे पाणी मात्र मुळातच शुद्ध मानले गेले. शेकडो फूट माती-वाळूतून गाळून आलेले पाणी, त्यात कशाला औषध? चवही बिघडते, खर्चही वाढतो. १९७४ साली सुरक्षित पेयजल कायदा झाला आणि १९८९ साली नदी-तलावाच्या पाण्यासाठी गाळणी व निर्जंतुकीकरणाचे कडक नियम आले, तरी भूजलावर चालणारी असंख्य गावे क्लोरिनविना राहिली.

१० नोव्हेंबर १९९३

मिसुरी राज्याच्या आग्नेय टोकाला, कापूस आणि सोयाबीनच्या सपाट मुलखात, गिडियन हे गाव आहे. १९९० च्या जनगणनेत लोकसंख्या १,१०४. पाणी दोन खोल विहिरींचे, सुमारे १,३०० फुटांवरून आलेले. क्लोरिन नाही. गावाच्या मालकीच्या दोन उंच टाक्या, एक १ लाख गॅलनची आणि दुसरी ५० हजारांची. शिवाय कापसाच्या गोदामाच्या आवारात आग विझवण्यासाठी ठेवलेली एक खासगी टाकी.

नोव्हेंबर १९९३ च्या सुरुवातीला गावकऱ्यांनी पाण्याच्या चवीबद्दल आणि वासाबद्दल तक्रारी केल्या. तज्ज्ञांनी नंतर लावलेले कारण भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले आहे. एकाएकी थंडी पडली, टाकीतले वरच्या थरातले पाणी गार होऊन जड झाले आणि खाली बसले. त्याबरोबर तळाशी साचून राहिलेले पाणी ढवळून निघाले. गावाने त्यावर जो उपाय केला तो कोणीही केला असता. १० नोव्हेंबरला सकाळपासून गावातले सगळे, म्हणजे ५० हायड्रंट एकामागून एक, प्रत्येकी १५ मिनिटे उघडून नळवाहिन्या धुऊन काढल्या.

इथे थोडे गणित करू. एका हायड्रंटमधून मिनिटाला सुमारे ७५० गॅलन पाणी जात होते. म्हणजे एका हायड्रंटमागे अकरा हजार गॅलन, आणि दिवसभरात साडेपाच लाखांच्या वर. विहिरीचा पंप पूर्ण ताकदीने चालूनही एवढे पाणी देऊ शकत नव्हता. उरलेले पाणी टाक्यांतून आले. एरवी टाकीच्या तळाशी स्वस्थ पडून असलेले पाणी त्या दिवशी गावभर ओढले गेले. वाहिन्या धुण्याच्या हेतूने टाकी गावात रिकामी झाली.

त्यानंतर शाळेतली गैरहजेरी वाढू लागली. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये (आपल्याकडच्या अर्थाने छोटे इस्पितळ नव्हे, तर इथल्या अर्थाने वृद्धांचे निवासस्थान) जुलाबाचे रुग्ण वाढले. २९ नोव्हेंबरला राज्याच्या आरोग्य खात्याला कळले की गिडियनच्या हायस्कूलचे दोन विद्यार्थी साल्मोनेला जंतूच्या संसर्गाने इस्पितळात आहेत. दोन दिवसांत आणखी पाच रुग्णांची भर पडली. प्रयोगशाळेने जंतू ओळखला, साल्मोनेला टायफिम्युरियम. तोही डल्सिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ न वापरू शकणारा, क्वचित आढळणारा प्रकार. ही खूण तपासात फार उपयोगी पडली, कारण वेगवेगळ्या घरांतले रुग्ण एकाच उगमाशी जोडता आले. बहुतेकांनी खाल्लेला असा समान पदार्थ सापडेना. सर्वांनी वापरलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे गावच्या नळाचे पाणी.

१६ डिसेंबरला पाण्याचे नमुने घेतले, त्यांत कोलिफॉर्म जंतू निघाले. दुसऱ्या दिवशीही तेच. १८ डिसेंबरला पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला. २० तारखेला एका हायड्रंटमधून घेतलेल्या नमुन्यात रुग्णांमधलाच जंतू सापडला. २३ डिसेंबरला विहिरीवर क्लोरिनचे यंत्र बसले. बूनटनच्या यंत्रणेला तोवर ८५ वर्षे झाली होती.

हिशेब असा लागला: सुमारे ६५० लोक आजारी पडले, म्हणजे अर्ध्या गावाहून जास्त. १५ जणांना इस्पितळात ठेवावे लागले. ७ जण दगावले, आणि ते सातही जण नर्सिंग होममधले वृद्ध होते. तरुण माणसाला चार दिवसांचे जुलाब होऊन जे पाणी सोडून देते, ते ऐंशीच्या घरातल्या माणसाला सोडत नाही.

संगणकाने काय दाखवले

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, म्हणून या तपासाचा पुढचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या सिनसिनाटी येथील प्रयोगशाळेत लुईस रॉसमन यांनी 'ईपीएनेट' नावाची प्रणाली तयार केली होती; ती १९९३ मध्येच प्रसिद्ध झाली. नळवाहिन्यांचे जाळे म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक बिंदूपाशी जेवढे पाणी येते तेवढेच जाते. प्रत्येक वाहिनीत घर्षणाने दाब कमी होतो. ही समीकरणे सोडवली की कोणत्या क्षणी कोणते पाणी कुठे होते हे सांगता येते. ही प्रणाली आजही जगभर फुकट उपलब्ध आहे.

त्याच संस्थेतल्या रॉबर्ट क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० नोव्हेंबरचा दिवस संगणकावर पुन्हा घडवला. कोणता हायड्रंट कधी उघडला, पंप किती वेळ चालला, हे सगळे प्रणालीला दिले. धुण्याच्या पहिल्या सहा तासांत टाकीतले पाणी ज्या भागात पोचले, त्याच भागात सुरुवातीचे रुग्ण आणि दूषित नमुने होते. खासगी टाकीवरही संशय होता, तिच्या गाळात साल्मोनेला सापडलाही. पण दाबाचे गणित गावाच्या मोठ्या टाकीकडे बोट दाखवत होते. पाहणीत टाक्यांची छपरे आणि झडपा नादुरुस्त आढळल्या. पक्ष्यांना आत शिरायला वाट होती. पारव्यांची विष्ठा आणि पिसे तिथे होती. १,३०० फुटांवरचे निर्मळ पाणी जमिनीपासून शंभरएक फूट उंच चढवले आणि तिथे ते पारव्यांच्या स्वाधीन केले!

मग पाण्याची तपासणी होत नव्हती का? होत होती. नियमानुसार एवढ्या गावाने महिन्याला दोन नमुने तपासायचे होते. पण तीस दिवसांतले दोन पेले पाणी हे त्या दोन पेल्यांबद्दलच सांगते. टाकीच्या छपराला पडलेले भोक त्यात दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी शिडी चढून वर जावे लागते.

सूचना पोचली, पण...

या प्रकरणातली आणखी एक नोंद मला अस्वस्थ करते. पाणी उकळण्याच्या आदेशाचे फलक नगर कार्यालयात आणि किराणा दुकानात लागले, परिसरातल्या दोन रेडिओ केंद्रांनी तो सांगितला. नंतर आरोग्य संशोधकांनी ९८ घरांची पाहणी केली. त्यांतल्या ३० घरांत आदेश कळल्यावरही कोणी ना कोणी न उकळलेले पाणी प्यायले होते, आणि त्यांपैकी १४ जण पुढे आजारी पडले. कारणे दोन ठळक होती. बरेच जण म्हणाले, लक्षातच राहिले नाही. आणि चौघांतला एक म्हणाला, विश्वासच बसला नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्याला नवीन नाही. उलट्या दिशेने ओळखीची आहे. आपल्याकडे लोकांचा नळावर विश्वास नसतो, इथे नळावर इतका विश्वास असतो की इशाऱ्यावर बसत नाही. इथे येऊन दहा-वीस वर्षे झालेले आपण दुसऱ्या गटात गेलो आहोत.

गिडियन एकटे नव्हते

चार वर्षांपूर्वी त्याच मिसुरीत, सुमारे दोन हजार वस्तीच्या कॅबूल गावी, हेच घडले होते. तिथेही विहिरीचे पाणी, क्लोरिनविना. डिसेंबर १९८९ च्या कडाक्याच्या थंडीत दोन मोठ्या वाहिन्या फुटल्या आणि ४५ मीटर बदलावे लागले. दुरुस्तीच्या वेळी घाण आत शिरली असावी असा तपासाचा निष्कर्ष होता. ई. कोलायच्या घातक जातीने २४३ जण आजारी पडले, चौघांचा मृत्यू झाला. तिथे टाकी नव्हे, वाहिनी. बाकी धडा एकच. उगम शुद्ध होता, वाट शुद्ध नव्हती.

१९९६ साली कायद्यात मोठी सुधारणा झाली. लहान गावांच्या पाणीपुरवठ्यासाठी कर्जनिधी, यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची अट, आणि दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना पाण्याच्या दर्जाचा अहवाल देण्याचे बंधन, हे सगळे त्यातून आले. २००६ साली भूजलासाठी वेगळा नियम झाला. टाक्या-वाहिन्यांची ठरावीक काळाने पाहणी त्यात आहे. सर्वांना क्लोरिनची सक्ती मात्र त्यातही नाही. आणि मार्च २००८ मध्ये कोलोराडोतल्या अलामोसा गावात तीच गोष्ट पुन्हा घडली. खोल विहिरी, १९७४ पासून क्लोरिनमधून मिळालेली सूट, तडे गेलेली साठवणटाकी, साल्मोनेला. नोंदलेले रुग्ण ४४२, अंदाजाने १,३०० पर्यंत, एक मृत्यू.

मायदेशीही फार वेगळे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी या भागांत गिलन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. एकूण आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला. ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली होती. नगरपालिकेचा कर आणि गावाची विहीर, अशा मधल्या अवस्थेत ती होती. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याची पाहणी करून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. ही पद्धत मला आवडते, कारण तिच्यात नुसता नमुना नाही, तर विहिरीचा काठ, गळकी वाहिनी आणि उघडी टाकीही पाहिली जाते. अर्थात कोणी जाऊन पाहिली तर!

लहान गावात पाणीखाते म्हणजे अनेकदा एकच माणूस असतो. तोच रस्त्यांवरचा बर्फ काढतो, तोच मीटर वाचतो आणि तोच पाण्याचे नमुने पाठवतो. गिडियनमध्ये कोणी दुष्टपणा केला नाही. पैसा कमी, माणूस कमी, आणि सगळ्यांची समजूत एकच की आपले पाणी खोलवरचे आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पाणीखात्याचा वार्षिक अहवाल जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर फेकू नका. आणि टाकीची आतून पाहणी शेवटची केव्हा झाली हे फोन करून विचारा, कारण ते अहवालात नसते. घरची स्वतःची विहीर असेल तर केंद्रीय कायदा तुम्हाला लागूच नाही. दरवर्षी जंतू आणि नायट्रेट या दोन्हींची तपासणी स्वतः करून घ्या. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते. आणि उकळण्याचा आदेश आलाच, तर तो घरातल्या सर्वांना मराठीतून सांगा, स्वयंपाकघरातल्या नळावर कागद चिकटवा. दिवसभर घरी असणारे, इंग्रजी रेडिओ न ऐकणारे आणि वयाने सर्वांत मोठे असे आपले आई-वडीलच असतात. गिडियनमध्ये गेलेले सातही जण त्याच वयोगटातले होते.